शांतिब्रह्म श्री एकनाथ महाराज : परचक्राच्या काळातील ग्रंथरक्षक

ज्येष्ठ वद्यात पैठणहून निघालेली श्री एकनाथ महाराजांची पालखी आपल्या बीड जिल्ह्यातील रायमोहा व पाटोदा या भागातून पंढरीस जाते. आमचे लिंबागणेश हे भालचंद्र गणेशाचे क्षेत्र त्या वाटेपासून फार दूर नाही. लहानपणी वडिलांचे बोट धरून आणि पुढे शिक्षक झाल्यावर विद्यार्थ्यांस बरोबर घेऊन त्या पालखीचे दर्शन अनेक वेळा घडले. दर वेळी मनात एक विचार येई. नाथांची शांती आपण सर्वजण गातो, नाथांची भूतदया मुलांस पाठ करून सांगतो. परंतु ज्या काळात हे महापुरुष होऊन गेले तो काळ मात्र शांततेचा नव्हता, ही गोष्ट आपल्या ध्यानात राहत नाही. भोवती राज्ये उलथत असताना, फौजांच्या वाटा शेतांतून जात असताना, या सत्पुरुषाने मराठी भाषेचे सर्वांत मोठे धन कसे सांभाळले, हे आपल्या ज्ञातिबांधवांपुढे आणि विशेषतः तरुण वाचकांपुढे ठेवावे, या हेतूने स्मरणिकेच्या संपादकांच्या आज्ञेवरून हा अल्प प्रयत्न केला आहे. नाथांचे साद्यंत चरित्र लिहिण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकाचा नाही. फुलाऐवजी पाकळी म्हणून वाचकांनी ती गोड करून घ्यावी.

घराण्याचा वारसा

नाथांचे घराणे पैठणचे. गोदावरीच्या तीरावरील ही नगरी प्रतिष्ठान या नावाने सातवाहनांच्या काळापासून विद्येचे माहेरघर म्हणून प्रसिद्ध होती. या घराण्यात नाथांचे पणजोबा संत भानुदास होऊन गेले. सूर्योपासक, विठ्ठलभक्त आणि सचोटीने कापडाचा व्यापार करणारे गृहस्थ, असे त्यांचे वर्णन चरित्रकारांनी केले आहे.

भानुदासांविषयी वारकरी परंपरेत जी कथा सांगतात ती आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. विजयनगरचा राजा कृष्णदेवराय याने पंढरीच्या विठ्ठलाची मूर्ती आपल्या राजधानीस नेली. पंढरपूर ओस पडले. आषाढी आली, वारकरी जमले, पण गाभाऱ्यात देव नाही! अशा वेळी भानुदास एकटे विजयनगरास गेले. त्यांच्याजवळ ना सैन्य होते ना राजाचे पत्र. बंदिवास आणि मृत्युदंडाचा प्रसंग सोसून, केवळ भक्तीच्या बळावर, त्यांनी मूर्ती परत पंढरीस आणली, असे परंपरा सांगते. कृष्णदेवरायाचा काळ इ. स. १५०९ ते १५२९ असा आहे. पुढे १५६५ साली दक्षिणेतील सुलतानांनी एकत्र येऊन तालिकोटच्या लढाईत विजयनगरचा पराभव केला आणि ते वैभवशाली नगर उद्ध्वस्त झाले. हंपी येथील विठ्ठलमंदिर आजही जगभरचे लोक पाहावयास जातात. त्याचा गाभारा रिकामा आहे. भानुदासांच्या कथेकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे तिचे मोल कळते. परंपरा सांगते त्याप्रमाणे मूर्ती त्याआधीच स्वगृही पोहोचली नसती, तर १५६५ च्या त्या विध्वंसात तिचे काय झाले असते याची कल्पनाच केलेली बरी.

भानुदासांचे पुत्र चक्रपाणी, त्यांचे पुत्र सूर्यनारायण, आणि सूर्यनारायण व रुक्मिणीबाई यांचे पुत्र ते आपले एकनाथ. त्यांचा जन्म इ. स. १५३३ च्या सुमारास झाला असे सामान्यतः मानतात. मातापित्यांचे छत्र अगदी बालपणीच हरपले आणि आजोबा चक्रपाणी व आजी यांनी नातवाचा सांभाळ केला. ज्या घरात पणजोबांनी देव परत आणल्याची कथा रोज कानी पडत असेल, त्या घरातील बालकाच्या मनावर कोणता संस्कार झाला असेल, हे सुज्ञ वाचकांस सांगणे नलगे. आपल्या मागच्यांनी जे जतन केले ते पुढच्यांच्या हाती अखंड द्यावयाचे, हा त्या घराचा कुळाचारच म्हटला पाहिजे.

देवगिरीच्या किल्ल्यावर

वयाच्या सुमारे बाराव्या वर्षी, गुरूच्या शोधात, हा मुलगा घरी कोणास न सांगता पैठणहून देवगिरीस गेला. तेथे जनार्दनस्वामी हे किल्लेदार होते. स्वामी मूळचे चाळीसगावचे. अहमदनगरच्या निजामशाहीत ते मोठ्या अधिकारपदावर होते आणि त्याच वेळी दत्तोपासक सत्पुरुष म्हणून त्यांची ख्याती होती. गुरुवारी स्वामींच्या उपासनेसाठी किल्ल्याची कचेरी बंद राहत असे, अशी आख्यायिका आहे. राजसत्ता सुलतानाची, किल्लेदार दत्तभक्त, आणि त्याचे घर म्हणजे साधकाचा आश्रम! त्या काळाचे चित्र किती गुंतागुंतीचे होते, हे यावरून दिसते.

देवगिरी हा किल्ला मराठी माणसाच्या इतिहासात केवळ दगडांचा ढीग नव्हे. यादवांची राजधानी येथेच होती. इ. स. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजीने येथे पहिली स्वारी केली. त्याच वर्षी श्री ज्ञानेश्वर महाराजांनी आळंदीस समाधी घेतली. पुढे यादवांचे राज्य बुडाले. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास दिल्लीची राजधानी येथे आणली व किल्ल्यास दौलताबाद हे नाव पडले. १३४७ त बहमनी राज्य झाले, आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस किल्ला निजामशाहीत आला. अशा या किल्ल्यावर बाल एकनाथाने गुरुसेवेत काही वर्षे काढली.

त्या वर्षांतील दोन कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगतात. पहिली अशी. एकदा स्वामी समाधीत असताना किल्ल्यावर शत्रूची फौज चालून आली. गुरूंची समाधी भंगू नये म्हणून एकनाथाने स्वामींचे चिलखत अंगावर चढविले, हाती शस्त्र घेतले, शिबंदीचे नेतृत्व केले आणि हल्ला परतवून लावला. काम झाल्यावर चिलखत जागच्या जागी ठेवले आणि या गोष्टीचा उच्चारही केला नाही. म्हणजे नाथांनी शस्त्र पाहिले नव्हते असे नाही. वेळ आली तेव्हा ते हाती धरले आणि वेळ सरताच खाली ठेवले.

दुसरी कथा हिशेबाची. किल्ल्याच्या जमाखर्चाचे काम स्वामींनी एकनाथावर सोपविले होते. एके दिवशी हिशेबात एका पैची चूक येऊ लागली. रात्र झाली, दिवा मंद झाला, तरी एकनाथ कीर्दीच्या पानांवरून उठेना. मध्यरात्र उलटल्यावर चूक सापडली आणि मुलाने आनंदाने टाळी वाजविली. त्या आवाजाने जागे झालेल्या स्वामींनी कारण विचारले, आणि एवढ्याशा चुकीच्या शोधाने इतका आनंद होतो, तर संसाररूपी मोठी चूक उमगल्यावर किती आनंद होईल, असा बोध त्यास केला.

ही कथा आपण परमार्थाच्या अंगाने ऐकतो व ते योग्यच आहे. परंतु छत्तीस वर्षे विद्यार्थ्यांच्या वह्या तपासण्यात घालविलेल्या या लेखकास तिच्यात आणखी एक अर्थ दिसतो. आकडा चुकला म्हणजे तो तसाच पुढे ढकलावयाचा नाही, मागील पानापर्यंत जाऊन चूक नेमकी कोठे शिरली ते पाहावयाचे, ही जी सवय त्या मध्यरात्री दिसते, तिचेच सर्वांत मोठे फळ पुढे मराठी भाषेस मिळावयाचे होते.

गृहस्थाश्रम आणि ग्रंथरचना

गुरूंच्या आज्ञेने तीर्थयात्रा करून नाथ पैठणास परतले. विजापूरकडील गिरिजाबाई या सुशील कन्येशी त्यांचा विवाह झाला. हरिपंडित हा मुलगा आणि दोन मुली अशी त्यांची संतती. मुलीचा मुलगा तो पुढे प्रसिद्धीस आलेला कवी मुक्तेश्वर. पहाटेचे स्नान, पूजा, ग्रंथलेखन, अतिथींचे भोजन, दुपारी पुराण, रात्री कीर्तन, असा नाथांचा दिनक्रम होता. काशीहून रामेश्वरासाठी आणलेले गंगेचे पाणी तहानलेल्या गाढवास पाजणे, गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात रडणाऱ्या अस्पृश्य मानलेल्या जातीच्या बालकास कडेवर उचलून त्याच्या घरी पोहोचविणे, श्राद्धाच्या दिवशी ब्राह्मणांसाठी केलेले अन्न दाराशी आलेल्या भुकेल्या अस्पृश्य मानलेल्या कुटुंबास वाढणे व त्यापायी ब्राह्मणवृंदाचा रोष पत्करणे, या कथा आपणा सर्वांस पाठ आहेत. त्यांचा विस्तार येथे करीत नाही. मात्र ज्ञातिसंस्थेच्या अंकात लिहिताना एक गोष्ट स्पष्ट सांगणे कर्तव्य समजतो. नाथ स्वतः उच्च मानलेल्या ज्ञातीत जन्मले, पण त्यांचे घर आणि त्यांची लेखणी एका ज्ञातीची राहिली नाही. त्यांच्या भारुडांत वासुदेव आहे, गोंधळी आहे, जोशी आहे, महार आहे. हिंदू आणि तुर्क यांचा समोरासमोर संवादही त्यांनी रचला आहे. गावगाड्यातील प्रत्येकाची बोली त्यांनी कागदावर उतरविली, म्हणून चारशे वर्षांपूर्वीचे महाराष्ट्राचे लोकजीवन आज आपणास ऐकू येते.

नाथांची ग्रंथसंपदा मोठी आहे. चतुःश्लोकी भागवत ही आरंभीची रचना. रुक्मिणीस्वयंवर शके १४९३ मध्ये, म्हणजे इ. स. १५७१ त झाले. भागवताच्या एकादश स्कंधावरील टीका, जिला आपण नाथभागवत म्हणतो, तिचा आरंभ पैठणास झाला आणि समाप्ती काशीस शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ त झाली. सुमारे अठरा हजार आठशे ओव्यांचा हा ग्रंथ. मराठीत शास्त्रार्थ लिहितो म्हणून काशीच्या पंडितांनी प्रथम विरोध केला आणि ग्रंथ ऐकल्यावर त्यांनीच तो डोक्यावर घेतला, असे परंपरा सांगते. स्वतःच्या घरातही हा वाद होता. पुत्र हरिपंडित यांस वडिलांनी प्राकृतात पुराण सांगावे हे रुचत नव्हते व त्या रागाने ते काशीस जाऊन राहिले, पुढे त्यांचे मन पालटले, अशी कथा आहे. मराठी भाषेची बाजू घेणे हे त्या काळी किती अवघड होते, हे यावरून लक्षात येईल.

ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत

आता मुख्य विषयाकडे वळतो.

श्री ज्ञानेश्वर महाराजांनी ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० त, नेवासे येथे सांगितली व सच्चिदानंद बाबांनी ती लिहून घेतली. त्यानंतर अवघ्या सहा वर्षांत देवगिरीवर परचक्र आले. तेथून नाथांच्या काळापर्यंत जवळजवळ तीनशे वर्षे लोटली. या तीनशे वर्षांत किती राजवटी आल्या व गेल्या, किती गावे उठली, याची गणती नाही. चौदाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेला दुर्गादेवीचा दुष्काळ तर कित्येक वर्षे टिकला, असे सांगतात. अशा काळात नऊ हजार ओव्यांचा ग्रंथ जगला कसा? तो लोकांनी जगविला. छापखाना नव्हता. बोरू, काजळाची शाई आणि हाताने केलेला कागद, एवढेच साधन. एक पोथी पुढे ठेवून दुसरी उतरून घ्यावयाची, दुसरीवरून तिसरी. कित्येकांनी मुखोद्गत करून ती सांभाळली.

परंतु अशा रीतीने जगलेल्या ग्रंथाच्या अंगावर जखमाही झाल्या. एकजण वाचतो व दुसरा लिहितो, तेव्हा ऐकण्यात चूक होते. लिहिणाऱ्याची नजर एका ओळीवरून दुसरीवर उडी मारते आणि मधली ओवी गळते. यादवकाळातील शब्द पुढच्या पिढीस कळेनासा झाला म्हणजे लेखक त्या जागी आपल्या ओळखीचा शब्द घालतो. आणि सर्वांत कठीण गोष्ट अशी की, काही भक्त भक्तीच्या भरात आपल्याच ओव्या मध्ये घालतात. यांत कोणाचा हेतू वाईट नव्हता. पण प्रत्येक नकलेबरोबर ज्ञानदेवांचा शब्द आपल्यापासून थोडा थोडा दूर जात होता. मूर्ती पळविली गेली तर गाभारा रिकामा दिसतो व लोक हळहळतात; ग्रंथाचा शब्द हरवला तर कोणाच्या ध्यानातही येत नाही, म्हणून ती हानी अधिक भयंकर.

नाथ या कार्याकडे कसे वळले याची कथा त्यांच्याच एका अभंगात आली आहे. त्यांचा कंठ सुजला व दुखू लागला. स्वप्नात ज्ञानदेव आले आणि आळंदीस आपल्या समाधीत अजानवृक्षाची मुळी कंठास लागली आहे, ती येऊन काढावी, असे त्यांनी सांगितले. नाथ आळंदीस गेले. त्या काळी समाधीची जागा रानात झाकोळून गेली होती. नाथांनी ती शोधून काढली, मुळी दूर केली आणि स्थान मोकळे केले. कथेतील चमत्काराचा भाग ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. पण ज्या संताचे स्थानही विस्मृतीत जाऊ लागले होते, त्याचे स्थान आणि त्याचा ग्रंथ या दोहोंचा जीर्णोद्धार एकाच माणसाने केला, ही गोष्ट मोठी आहे. कंठास लागलेली मुळी म्हणजे ज्ञानदेवांच्या वाणीस झालेला अडथळा, असा अर्थ कोणी केला तर तोही अयोग्य ठरणार नाही.

पैठणास परत आल्यावर नाथांनी ज्ञानेश्वरीच्या शुद्धीचे काम हाती घेतले. उपलब्ध प्रतींचे पाठ एकमेकांशी ताडून पाहावयाचे, अर्थाची संगती लावावयाची, मागाहून शिरलेल्या ओव्या बाजूस काढावयाच्या आणि मूळ शब्द जागेवर बसवावयाचा. देवगिरीच्या कचेरीत एका पैसाठी मध्यरात्रीपर्यंत जागणारा तो मुलगा आता पन्नाशीचा झाला होता. पण दिवा तोच होता आणि नजरही तीच होती. शके १५०६, तारण नाम संवत्सर, म्हणजे इ. स. १५८४ या वर्षी भाद्रपद वद्य षष्ठीस, कपिलाषष्ठीच्या पर्वणीवर, गोदातीरी हे काम पुरे झाले. हाच दिवस ज्ञानेश्वरी जयंती म्हणून पाळला जातो. ग्रंथ रचला गेला त्या दिवसाची नव्हे, तर तो शुद्ध झाला त्या दिवसाची आपण जयंती करतो, हे किती वाचकांस ठाऊक आहे?

ग्रंथाच्या शेवटी नाथांनी आपल्या कामाविषयी मोजक्या ओव्या लिहिल्या आहेत. ग्रंथ मुळात अत्यंत शुद्ध होता, पाठभेदांमुळे तो गढुळला, म्हणून आपण शोधून शुद्ध केला, एवढेच ते सांगतात. आणि यापुढे कोणी यात आपली ओवी घालील, तर त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवल्यासारखे होईल, असा इशाराही देतात. अठरा हजार ओव्या लिहिण्याचे सामर्थ्य असलेल्या कवीने ज्ञानदेवांच्या ग्रंथात स्वतःची भर घालण्याचा मोह टाळला. विद्वत्ता पुष्कळांजवळ असते; हा संयम क्वचित आढळतो.

पुढील काळात विद्वानांनी नाथांच्या प्रतीची चिकित्साही केली आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांस आपल्या बीडच्या पाटांगणावर ज्ञानेश्वरीची एक जुनी प्रत मिळाली. ती नाथांच्या पूर्वीची आहे असे त्यांचे मत होते व १९०९ साली त्यांनी ती प्रसिद्ध केली. नाथांच्या पाठात काही जुनी रूपे नव्या वळणाची झाली, असे राजवाड्यांचे म्हणणे. राजवाड्यांच्या प्रतीच्या काळाविषयीही पुढे वाद झाले. त्या वादात पडण्याचा आमचा अधिकार नाही. मात्र वारकऱ्यांच्या घरोघरी जी ज्ञानेश्वरी चारशे वर्षे वाचली गेली ती नाथांच्या परंपरेची, आणि जिच्यामुळे विद्वानांस नवा विचार सुचला ती पोथी आपल्या बीडमध्ये कोणी तरी जपून ठेवलेली. या दोन्ही गोष्टींचा आपणास अभिमान असावा.

येथे आपल्याच जिल्ह्यातील आणखी एका सत्पुरुषाचे स्मरण करणे उचित होईल. नाथांचे समकालीन दासोपंत हे अंबाजोगाईस राहत. त्यांनी कागदावर अपार लेखन केले आणि सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडी पासोडीवर पंचीकरणाचा विषय लिहून काढला. ती पासोडी अंबाजोगाईस जपली गेली. एकाच काळात गोदातीरी शुद्ध पोथी सिद्ध होते आणि बालाघाटाच्या डोंगरावर कापडाचा ग्रंथ होतो. त्या धामधुमीच्या शतकातही मराठी माणूस लेखणी खाली ठेवावयास तयार नव्हता, याची ही साक्ष आहे.

अखेरची वर्षे

नाथांच्या आयुष्याची अखेरची दहा-बारा वर्षे तर अत्यंत अस्वस्थतेची होती. १५८८ साली मुर्तजा निजामशाहाचा त्याच्याच पुत्राने घात केला आणि गादीसाठी रक्तपात सुरू झाला. १५९५ च्या अखेरीस अकबराच्या फौजांनी अहमदनगरला वेढा घातला. चांदबिबीने तो वेढा शर्थीने झुंजविला, पण १५९६ त वऱ्हाड मोगलांस द्यावे लागले. १५९७ च्या आरंभी गोदावरीच्या काठीच, सोनपेठच्या बाजूस, मोगल आणि दक्षिणी फौजांची मोठी लढाई झाली. पैठणच्या घाटावरून वाहणारे पाणी ज्या काठांवरून पुढे जाई, तेथेच रक्त सांडत होते.

या काळात नाथ भावार्थ रामायण लिहीत होते. रावणाच्या बंदीतील देव, प्रजेचा छळ, वानरांसारख्या सामान्यांचे सैन्य आणि धर्माचा विजय, हे विषय त्यांनी ज्या आवेशाने रंगविले आहेत, त्यात त्या काळाची छाया पुष्कळ अभ्यासकांस दिसली आहे. युद्धकांडाचे चव्वेचाळीस अध्याय झाले आणि लेखणी थांबली. शके १५२१ च्या फाल्गुन वद्य षष्ठीस नाथांनी गोदावरीत देह ठेवला. १६०० च्या पावसाळ्यात अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडला.

ग्रंथ अपुरा राहिला का? नाही. नाथांच्या घरी पुरणपोळीच्या ओढीने येऊन राहिलेला, लोकांनी वेडा ठरविलेला गावबा नावाचा शिष्य होता. त्याने उरलेले रामायण पुरे केले, अशी परंपरा आहे. नाथांनी पोथ्या जशा सांभाळल्या तशी माणसेही सांभाळली होती, आणि त्या माणसांनी पुढे पोथ्या सांभाळल्या. भानुदासांपासून गावबापर्यंत ही एकच साखळी आहे.

पुढे १६३० त महाभयंकर दुष्काळ आला, १६३६ पर्यंत निजामशाही पार बुडाली. ज्या सुलतानांचे हुकूम देवगिरीवर चालत त्यांची नावे आज परीक्षेपुरती पाठ करावी लागतात. पण तुकोबांच्या काळच्या वारकऱ्यास, शिवछत्रपतींच्या काळच्या कीर्तनकारास आणि आज लिंबागणेशच्या पारावर बसलेल्या म्हाताऱ्यास ज्ञानदेवांची तीच ओवी म्हणता येते.

आपले कर्तव्य

लेख संपविण्यापूर्वी एक घरची गोष्ट सांगतो. ती सांगताना संकोच वाटतो, पण सांगितली पाहिजे.

आमच्या घरी ज्ञानेश्वरीची एक हस्तलिखित पोथी होती. १९४८ साली, हैदराबाद संस्थानातील रझाकारांच्या धामधुमीत, आमच्या आजोबांनी कुटुंब घेऊन रात्रीच्या वेळी गाव सोडले आणि नगर जिल्ह्यातील नातलगांचा आश्रय घेतला. भांडी, धान्य, जनावरे मागे राहिली. आजीने मात्र लाल कापडात बांधलेली पोथी पोटाशी धरून नेली होती, असे वडील सांगत. सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, काही दिवसांनी मंडळी परत आली, आणि पोथीही परत आली. तिच्यातील एक पानही गहाळ झाले नव्हते.

पुढे आजी गेली, वडील गेले. घर नवे बांधले तेव्हा ती पोथी अडगळीच्या खोलीत एका लाकडी पेटीत ठेवली गेली. ठेवणारा मीच. नोकरी, मुलांची शिक्षणे, लग्नकार्ये यांत ती पेटी उघडावयाची राहून गेली. निवृत्तीनंतर उघडली तेव्हा वाळवीने अर्ध्याहून अधिक पोथी खाल्लेली होती. कापड तेवढे वरून तसेच दिसत होते. जी पोथी रझाकारांच्या धामधुमीतून एका निरक्षर स्त्रीने सुखरूप आणली, ती शांततेच्या काळात एका शिक्षकाच्या घरात नष्ट झाली. युद्धाने जे नेले नाही ते आमच्या हयगयीने नेले. या दोषाचे खापर दुसऱ्या कोणावर फोडता येत नाही.

म्हणून ज्ञातिबांधवांस व भगिनींस हात जोडून विनंती आहे. आपल्या घरी देव्हाऱ्यामागे, माळ्यावर, जुन्या ट्रंकेत जे कागद, बाडे, पोथ्या, वंशावळी, सनदा असतील, त्या एकदा उजेडात काढा. कोरड्या जागी, स्वच्छ सुती कापडात बांधून ठेवा. वर्षातून एकदा उघडून पाहा. वाचता येत नसल्या तरी रद्दीत घालू नका. मोडी वाचणारी माणसे अजून आहेत. आजकाल मुलांच्या हातातील मोबाईलवर छायाचित्रे काढून ठेवणेही सोपे झाले आहे. एका सुटीत घरची सगळी पाने टिपून होतील. आपल्या संस्थेने गावोगावच्या अशा कागदांची एक यादी करावी व पुढील वर्षीच्या स्मरणिकेत छापावी, अशी सूचना मी कार्यकारी मंडळापुढे नम्रपणे ठेवतो. घरी सांभाळणे शक्य नसेल त्यांनी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या, १९१० पासून हेच कार्य करीत आलेल्या संस्थेकडे ती द्यावी.

पैठणजवळ गोदावरीवर जे धरण झाले त्याच्या विस्तीर्ण जलाशयास नाथसागर हे नाव दिले आहे. नाव योग्यच आहे. वाहून जाणारे पाणी अडवून पुढच्या उन्हाळ्यासाठी साठविणे, हेच काम नाथांनी शब्दांच्या बाबतीत केले. त्यांच्या पालखीपुढे आपण मस्तक ठेवतो. त्याबरोबर घरची एक पेटीही उघडली, तर ती सेवा नाथचरणी नक्कीच रुजू होईल.

इति शम्.

— एक सेवानिवृत्त शिक्षक, लिंबागणेश, जि. बीड